काय उजेड पाडला!

आमच्या घरात बॅटरीला बॅटरीच म्हणतात, आणि तिच्यात जे घालतात त्याला सेल. मुलाच्या शाळेच्या पुस्तकात तिचं नाव 'विजेरी' असं होतं. मेव्हणा तिला 'फ्लॅशलाइट' म्हणतो, कारण तो अंबडच्या एका कंपनीत डिझाइन विभागात आहे आणि पाणी पिण्यालाही 'हायड्रेशन' म्हणतो. पण लाइट गेल्यावर पलंगाच्या पायाला करंगळी ठेचून घेतलेला माणूस ज्या नावाने ओरडतो, तेच त्या वस्तूचं खरं नाव. 'अगं, विजेरी कुठंय?' अशी आरोळी नाशकात तरी माझ्या कानावर आलेली नाही.

पंचवटीतल्या वाड्यात आम्ही राहायचो तेव्हा अण्णांची एक पितळी बॅटरी होती. दोन मोठ्या सेलची. हातात घेतली की चोर दिसला नाही तरी हरकत नाही, हाताला लागला तर मारायला काहीतरी आहे असा धीर यायचा. एव्हरेडीची होती आणि त्या मॉडेलचं नाव होतं 'जीवनसाथी'. आईला हे नाव कधीच आवडलं नाही. अण्णा ती रोज उशाशी घेऊन झोपायचे, सकाळी उठल्यावर धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि दुसऱ्या कोणाचा हात लागला की चिडायचे. यातलं एकही भाग्य आपल्या वाट्याला आलं नाही, असं आई मावशीला सांगत असे.

त्या बॅटरीचा उजेड पिवळा, आणि बरोबर मध्ये एक काळं भोक. जी वस्तू बघायची तिच्यावर ते काळं भोक यायचं आणि आजूबाजूचा मुलूख उजळून निघायचा. म्हणजे उंदीर दिसायचा नाही, पण उंदीर कुठल्या वातावरणात वावरतो ते कळायचं. मागच्या झाकणात, स्प्रिंगच्या पोटात, एक जादा बल्ब खोचून ठेवलेला असे. तो वापरायची वेळ आली तेव्हा तोही गेलेला निघाला. सेल उतरले की त्यांना उन्हात ठेवायचे. गच्चीवर एका ताटात कुरडया आणि दुसऱ्या ताटात सेल, असं दोन्हीचं वाळवण शेजारी शेजारी चाले. ऊन लागलं की सेलच्या आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते, म्हणून ते संध्याकाळी घटकाभर जिवंत व्हायचे. अण्णांचा मात्र समज असा होता की सेल ऊन पितो आणि रात्री तेच बाहेर टाकतो. सौरऊर्जेची कल्पना वाड्यात फार आधी पोचली होती, फक्त तपशिलात चूक होती.

पुढे एक सेल आतल्या आत पाझरला, पांढरा-हिरवा खार जमला आणि तो पितळेला असा काही चिकटला की जीवनसाथी हे नाव सार्थ झालं. ती बॅटरी अजून माळ्यावर आहे. सेलसकट.

मधली वर्षं बॅटरीवाचूनच गेली, कारण मोबाइल आला. मोबाइलमध्ये टॉर्च असते आणि ती फुकट असते, या भ्रमात मी गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलो. ही फेरी नाशिककरांना सांगायला नको. लोक रविवारी रात्रीच त्र्यंबकेश्वरहून निघतात, पावसात, चिखलात, बरेचसे अनवाणी, आणि पहाटेपर्यंत डोंगराला वळसा घालतात. मोबाइल भिजू नये म्हणून मी तो दुधाच्या पिशवीत घातला. मग असं लक्षात आलं की ओल्या पिशवीतून, ओल्या बोटाने, ओली काच कितीही चोळली तरी टॉर्च लागत नाही. पिशवीतून काढला तेव्हा लागली. मग बंद होईना. मग पाऊण तासाने आपोआप बंद झाली आणि तिच्याबरोबर मोबाइलही. मी वाटेच्या मधोमध उभा. मागून नऊवारीतल्या एक आजीबाई आल्या, अनवाणी, हातात काही नाही. मला ओलांडून जाताना म्हणाल्या, 'चाल बाबा, माझ्या पायांकडं बघत चाल.' पुढचे दोन तास मी एका सत्तरीतल्या बाईच्या टाचांच्या उजेडात काढले.

घरी आल्यावर बायकोने चिखलाचे कपडे लांबूनच उचलले आणि विचारलं, 'काय उजेड पाडला?'

तेव्हाच ठरवलं. लहान, टिकाऊ, पाण्यातली, प्रवासातली, एकदाच काय ती चांगली बॅटरी घ्यायची.

मेव्हण्याला विचारलं, ही माझी चूक. मला एक दिवा हवा होता, त्याने मला एक विषय दिला. 'भाऊजी, लुमेन बघू नका, कँडेला बघा,' असं म्हणून तो सुरू झाला. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते, आणि कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय ते. थोडक्यात, लुमेन म्हणजे पगार आणि कँडेला म्हणजे घरी पोचलेला पगार. साठ वॉटचा जुना बल्ब सुमारे ८०० लुमेन देतो, मोटारीचा एक हॅलोजन हेडलाइट हजार-दीड हजार. हे ऐकून मी ऑनलाइन बघायला गेलो तर ४९९ रुपयांत '९०,००० लुमेन' अशी बॅटरी होती, शिवाय एकावर एक मोफत. साठ हेडलाइट खिशात, आणि आणखी साठ शेजाऱ्याला द्यायला. लासलगावला कांद्याचं माप कोणी या हिशेबाने सांगितलं असतं तर लिलाव जागीच बंद पडला असता. सेलचंही तेच. अशा बॅटऱ्यांत जो जाडजूड सेल असतो त्याचं नाव १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीचा असला तरी तो साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच भरतो. स्वस्तातल्यावर मात्र बिनदिक्कत ९९०० छापलेलं असतं. नावातच माप सांगणाऱ्या वस्तूने मापात एवढं खोटं बोलावं, हे मला जरा लागलं.

पण मला खरा धक्का बसला तो 'पल्ला' या शब्दाचा. खोक्यावर लिहिलेलं असतं, पल्ला २५० मीटर. मी समजत होतो की २५० मीटरवरचा माणूस ओळखू येईल, निदान नातेवाईक असेल तर. तर तसं नाही. या धंद्याचं एक अमेरिकेत ठरलेलं मानक आहे, आणि त्यात पल्ला मोजतात तो पाव लक्सपर्यंत. पाव लक्स म्हणजे किती? तर निरभ्र रात्री पौर्णिमेच्या चांदण्याचा जेवढा उजेड जमिनीवर पडतो, साधारण तेवढा. म्हणजे साडेतीन हजारांची बॅटरी २५० मीटरवर कोजागिरी करून दाखवते, एवढाच त्याचा अर्थ. चंद्र हेच काम पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटरवरून करतो, आणि त्याला रात्री चार्जिंगला लावताना बायकोचा मिक्सरचा प्लग काढावा लागत नाही. किती तास चालते त्याचंही असंच. बॅटरी लावल्यावर उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे सगळे तास त्यात धरतात. पगार दहा टक्के उरला तरी नोकरी चालू आहे, असं समजायचं.

हे ज्ञान घेऊन मी मेन रोडकडच्या एका दुकानात गेलो. दुकान जुनं, शेठही जुने. काचेखाली इतक्या बॅटऱ्या मांडलेल्या की सगळ्या एकदम लावल्या असत्या तर रविवार कारंजापर्यंत दिवस उगवला असता. मी कँडेला विचारले. शेठ म्हणाले, 'मेणबत्त्या पलीकडच्या दुकानात.' मग मी आयपीएक्स ७ विचारलं. ते त्यांना माहीत होतं: मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी चालणारी. मी मनात हिशेब केला की रामकुंडावर गंगेत पडलीच, तर तिथली पोरं अर्ध्या तासाच्या आत नक्की वर काढून देतात. फक्त परत देताना काय घेतील ते मानकात बसत नाही.

माझं हे चालू असताना एक शेतकरी आत आला. दिंडोरीकडचा असावा, पांढरी टोपी, हातात औषधाची पिशवी. त्याने कोपऱ्यातली एक काळी बॅटरी मागितली. लावली. काच तळहातावर टेकवून बोटांच्या फटीतून लाल उजेड किती येतो ते बघितलं. बंद केली. मग ती कमरेच्या उंचीवरून सरळ फरशीवर सोडली. माझा जीव वर आला, शेठची पापणीही लवली नाही. उचलून परत लावली. लागली.

'रातभर चालती का?'

'बारीक उजेडावर चालती.'

'सेल गावात भेटतो?'

'साधाच सेल आहे. किराणा दुकानातबी भेटल.'

मग त्याने जरा थांबून विचारलं, 'बिबट्या पळतो का हिच्यानं?'

'पळत नाही,' शेठ म्हणाले. 'दिसतो.'

'तेवढं बास,' म्हणून त्याने पैसे दिले आणि गेला. सगळं मिळून चार मिनिटं. थ्री फेजची लाइट पुष्कळदा रात्रीच येते, तेव्हा पाणी भरायला रात्रीच जावं लागतं आणि उसात कोण बसलंय ते आधी बघावं लागतं. त्या माणसाच्या यादीत तीन प्रश्न होते. माझ्या यादीत, मेव्हण्याने छापून दिलेल्या, सतरा होते, आणि त्यात बिबट्या कुठेच नव्हता.

खरं तर मी तीच काळी बॅटरी घ्यायला हवी होती. पण दिसायला ती आमच्या पाण्याच्या मोटारीच्या स्विचसारखी होती, आणि साडेतीनशे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूवर सहा महिने अभ्यास केला असं घरी कसं सांगणार? मी शेठना 'यातली सगळ्यात चांगली' म्हणालो. हे वाक्य दुकानात बोलू नये. त्यांनी आतून एक खोका आणला, त्यात फोममध्ये झोपवलेली, अंगठ्याहून थोडी लांब, काळी, गारगार ॲल्युमिनियमची बॅटरी. किंमत ऐकून डोळ्यांपुढे काजवे चमकले. (हा वाक्प्रचार इथे सहज आला आहे. पुढे काजवे खरेच येणार आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.)

शेठनी ती उघडून दाखवली. काचेच्या मागे, चकचकीत वाटीच्या तळाशी, भिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीच्या तुकड्यासारखा पिवळा ठिपका. तोच एलईडी. मेव्हण्याने नंतर सांगितलं की आतला दिवा मुळात निळा असतो, त्यावर पिवळ्या पुडीचा थर असतो आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. आणि तो निळा दिवा जमवायला इतकी वर्षं लागली की अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या अण्णांच्या बॅटरीतला बल्ब पंचाण्णव टक्के वीज नुसता तापण्यात घालवायचा, त्याला कोणी विचारलं नाही.

'साहेब, एक लक्षात ठेवा,' शेठ म्हणाले. 'बॅगेत ठेवताना मागचं झाकण अर्धा आटा सैल करायचं. नाहीतर बटण दाबलं जातं अन् आपोआप लागती.' मी मान डोलावली. आयुष्यात मी ज्या ज्या गोष्टींवर मान डोलावली त्या सगळ्यांची एक यादी केली पाहिजे.

घरी गच्चीवर चाचणी झाली. समोरच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका खिडकीत उभे राहून दात घासताना इतके स्वच्छ दिसले की पेस्टचा रंग सांगता आला असता. त्यांना मी दिसलो नाही, म्हणून वाचलो. गल्लीतली कुत्री एकदम भुंकली. बायको म्हणाली, 'आता खाली बघा जरा, रस्ता खणलाय.' सिंहस्थ २०२७ला आहे, तेव्हा शहरात कुठे ना कुठे खणलेलं असतंच. घरापासून रिक्षास्टँडपर्यंतच्या प्रवासाला ही बॅटरी लागेल हे मी धरलंच नव्हतं. बायको मात्र तिची वणीच्या जत्रेत घेतलेली साठ रुपयांची निळी प्लॅस्टिकची बॅटरी पर्समधून काढून सरळ खाली दूध आणायला गेली.

राहिलं बटण. बटण एकच. एकदा दाबलं की लागते. धरून ठेवलं की उजेड कमी-जास्त होतो. दोनदा दाबलं की 'टर्बो', म्हणजे सगळी ताकद. तीनदा दाबलं की डीजेच्या गाडीसारखी लुकलुकते. चार वेळा दाबलं की संकटाचा संदेश: तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. आणि बंद असताना बराच वेळ धरलं की सगळ्यात मंद उजेड, एका लुमेनपेक्षाही कमी. त्याचं पुस्तिकेतलं नाव 'फायरफ्लाय मोड'. काजवा! मेव्हण्याला हे फार भावलं. 'भाऊजी, यात काजवा पण आहे,' असं तो कौतुकाने म्हणाला, जणू थाळीत मोफत गुलाबजाम आहे. मी हे सगळं संध्येसारखं पाठ केलं. अडचण एवढीच की अंधारात, घाईत, अंगठ्याला आकडे येत नाहीत.

बॅटरीचं उद्घाटन जूनच्या पहिल्या शनिवारी कळसूबाईवर झालं. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याच्या वर काही नाही. नाशिकहून घोटीमार्गे बारी गाव, तिथून रात्री एक वाजता चढायला सुरुवात, सूर्योदयाला माथ्यावर, मग दुपारी भंडारदऱ्याला झोप आणि संध्याकाळी काजवे, असा मेव्हण्याने तक्ता केला होता. बायको 'बघू जमतं का' म्हणून आली आणि शेवटपर्यंत आमच्या पुढे होती.

शनिवारची रात्र असल्याने डोंगरावर माणसांची रांग होती. लांबून बघितलं तर उजेडाची माळ अगदी सप्तशृंगीच्या पायऱ्यांसारखी सुंदर. जवळ गेल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून 'सॉरी' म्हणत होता. मेव्हण्याने कपाळावर बांधायची बॅटरी आणली होती. तिने हात मोकळे राहतात हा फायदा खरा, पण तो बोलायला वळला की समोरचा आंधळा होतो, आणि पावसाळा तोंडावर आल्याने सगळे किडे त्याच्या कपाळाकडे निघालेले. जिथे उजेड तिथेच तोंड, हा त्या वस्तूतला मूळ दोष आहे. दोन किडे गिळल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला. मी माझी टर्बोवर लावली. रांगेतून 'ओ हो!' असा आवाज आला, आणि आयुष्यात फार कमी वेळा मला 'ओ हो' मिळालेलं असल्याने मी ती तशीच ठेवली. तीन मिनिटांत ती हातात धरवेना इतकी तापली आणि स्वतःच शहाणपणाने मंद झाली.

पहिली लोखंडी शिडी गेली, दुसरी गेली, आणि ढग खाली उतरला. इथे मला जे दिसलं ते सांगतो, म्हणजे काहीच दिसलं नाही. बॅटरी लावली की समोर हातभर अंतरावर पांढरी भिंत. उजेड वाढवला की भिंत आणखी पांढरी. धुक्याचा एकेक थेंब माझाच उजेड माझ्या तोंडावर परत फेकत होता, म्हणजे जितके लुमेन विकत घेतले तितके सगळे परत मिळत होते. मेव्हण्याचं तर भिंगच डोळ्यांच्या रेषेत, त्याला स्वतःचे बूटही दिसेनात. पन्नास-साठ माणसं डोंगरावर लग्नाच्या पडद्यासमोर उभी राहावीत तशी उभी.

तेवढ्यात खालून एक गावकरी आला. डोक्यावर टोपलं, त्यात पाण्याच्या बाटल्या आणि लिंबं; सकाळी वर सरबत विकायला चाललेला. उजव्या हातात बॅटरी, जुनी, उजेड पिवळट, आणि ती त्याने गुडघ्याजवळ, जमिनीला जवळजवळ समांतर धरलेली. त्या तिरक्या उजेडात प्रत्येक दगडाची सावली लांब पडत होती, त्यामुळे खळगा कुठे आणि उंचवटा कुठे ते चित्रासारखं कळत होतं. धुकं वर, उजेड खाली, दोघांची गाठच पडत नव्हती.

माझ्याजवळ येऊन तो थांबला. 'साहेब, बॅटरी खाली धरा की. डोंगर कुठं पळून चाललाय?'

मी खाली धरली. डोळे दिपले होते, मिनिटभर खालचंही दिसेना. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोतात ती जाते, हे मेव्हण्याच्या कागदावर नवव्या क्रमांकावर होतं. म्हणूनच चांगल्या बॅटऱ्यांत लाल उजेड देतात, मंद लाल उजेडाने ती सवय फारशी मोडत नाही. माझ्या बॅटरीत लाल नव्हता. काजवा होता.

बायको त्या सरबतवाल्याच्या मागोमाग निघून गेली, साठ रुपयांची निळी बॅटरी गुडघ्याशी धरून. सूर्योदय ढगात झाला. कळसूआईचं दर्शन झालं, सरबत झालं, उतरलो.

दुपारी भंडारदऱ्याला तंबूत झोपलो. मेव्हण्याने घडी होणारा कंदील आणला होता, सौर. तो दिवसभर गाडीच्या डिकीत राहिल्याने लागला नाही. मग तिन्हीसांजेला त्याने माझी बॅटरी उलटी उभी करून वर पाण्याची भरलेली बाटली ठेवली, आणि सगळा तंबू मऊ उजेडाने भरून गेला. हे मात्र कबूल केलं पाहिजे, ही युक्ती उत्तम आहे. बाहेरून आमच्या सावल्या तंबूवर एवढ्या मोठ्या पडत होत्या की शेजारच्या तंबूतल्या मुलांनी सगळा चहा होईपर्यंत त्या बघितल्या.

अंधार पडल्यावर निघालो. मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या या पट्ट्यात हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे उतरतात, आणि ते बघायला मुंबई-पुण्याहून इतकी माणसं उतरतात की काजव्यांना आपण कोणाच्या तरी जत्रेत आलोय असं वाटत असेल. आमच्याबरोबर गावातला एक पोरगा होता. त्याने आधीच बजावलं, 'बॅटऱ्या बंद. मोबाइल बंद. गाडीचा इंडिकेटर पण नको.' कारण सांगितलं तेही साधं: काजव्याचं लुकलुकणं हे लग्नाचं बोलणं असतं. नर उडत उडत खूण करतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते, आणि मध्ये आपण बॅटरी मारली की दोघांचाही पत्ता चुकतो. मुलगी बघायचा कार्यक्रम चालू असताना कोणी येऊन दोघांच्या डोळ्यांत टर्बो मारली, तर पोहे तरी पोटात जातील का?

मी बॅटरी बॅगेत टाकली. पावसाची चादर वर घातली, तिच्यावर डबा.

दहा मिनिटं काहीच नाही. मग एका झाडावर दोन-चार ठिपके. मग एका फांदीवर. मग कधी ते कळलं नाही, पण अख्खं झाड लागलं. सगळं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं, परत उजळायचं. त्या तालात शेजारचं झाड शिरलं, मग पलीकडचं. उजेड असा की त्याने दुसरं काहीच दिसत नाही, झाडाचं पानही नाही. तो फक्त स्वतः दिसतो. एक काजवा वाट चुकून बायकोच्या बाहीवर बसला. तिने हात हलवला नाही. हाताला अजिबात ऊन लागत नाही म्हणाली. लागत नाहीच, हा थंड उजेड असतो. साठ-सत्तर माणसं होती, पण लहान मुलंसुद्धा बोलत नव्हती.

आणि माझी बॅग लागली.

अर्धा आटा! डबा बटणावर बसला असणार. निळ्या कापडातून असा काही उजेड बाहेर आला की पाच-सहा माणसांचे चेहरे रागीट असल्याचं स्पष्ट दिसलं. मी बाहेरूनच चाचपडत बटण दाबलं. ते एकदा दाबलं गेलं की दोनदा, मला माहीत नाही, उजेड वाढला. परत दाबलं. बॅग लुकलुकायला लागली. अंधारातून आवाज आला, 'कोण आहे रे तो दिवटा?' मेव्हणा दातओठ खात कुजबुजला, 'भाऊजी, काजव्यावर घ्या, काजव्यावर!' मी आणखी दाबलं तेव्हा बॅगेने तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे असा संकटाचा संदेश सुरू केला, जो त्या क्षणी शब्दशः खरा होता. जवळच्या झाडावरचे काजवे थबकले. चेन उघडावी तर सगळा लोट बाहेर. शेवटचं म्हणून एकदा जोरात दाबलं, लुकलुकणं थांबलं आणि टर्बो लागली. आता पुढे काय येईल ते बघायची माझी हिंमत नव्हती. मी बॅग जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसलो.

अंधार झाला. हळूहळू झाड परत लागलं. माणसांचे श्वास परत ऐकू यायला लागले.

बायको माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ वर बघत होती. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने या विषयातला एक प्रश्न विचारला.

'अहो, एक काजवा किती लुमेनचा असतो हो?'

मी थोडा डावीकडे सरकलो. उजवी बाजू भाजायला लागली होती.